साल दिसली म्हणून केलेली टिक

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते आणि अमडापूरच्या आमच्या ओसरीवर बारा बायका तिचीच वाट पाहत बसल्या होत्या. झोपेतच गेली, एवढंच तिचा नवरा बोलू शकला… त्याला आज सहा आठवडे झाले.

वंदना माझी मामेबहीण, आहारशास्त्राची संशोधक. अन्न पचल्यावर शरीरात शेकडो बारीक द्रव्यं तयार होतात. ती रक्तात, लघवीत मोजून माणसाने खरोखर काय खाल्लं ते शोधायचं, हे तिचं काम. गेल्या हिवाळ्यात तिने गावातल्या बारा बायकांना महिनाभर रोज एक संत्रं दिलं. नोंदवही माझ्याकडे होती. हिशेबात मी पक्का, असं मला वाटायचं.

निकाल घेऊन आली ती चहालाही थांबली नाही. "दादा, संत्रं खाल्लं की लघवीत त्याची खूण सापडतेच. बारापैकी सात जणींत ती नाही. वहिनीतही नाही. ह्या टिका कोनं केल्या?"

"मीच. रोज घरोघरी साल पाहून."

"सालीवरून कोनं खाल्लं ते समजते काय तुले?"

माझी बायको सुलभा दारात उभी होती. "लेकरं तोंडाकडं पाहून राह्यले, मी कशी खाऊ? दोघाले अर्धं अर्धं देल्लं."

वरिष्ठांनी वंदनाला सांगितलं, सात जणी वगळा, पाचांवर लिहा. ती ऐकेना. "ज्याइले खायाले भेटत नाही त्याच वगळल्या, तं अभ्यास कोनाचा झाला?" हिवाळा सरता सरता मृग बहाराची संत्री आली तशी तिने पुन्हा सुरुवात केली. लेकरांसाठी वेगळी टोपली, आणि बायकांनी रोज सकाळी ओसरीवर एकत्र बसून खायचं. दर रविवारी स्वतः येऊन ती त्यांच्यासोबत खायची.

फोन आला तो रविवारच होता. नऊ दिवस उरले होते. मी टोपली आत नेऊ लागलो, तर शेजारच्या कमलकाकू म्हणाल्या, "ठेव खाली. आज थांबलो तं पोरीचं सारं वाया जाईन." बाराही जणींनी रडत रडत संत्री सोलली आणि शेवटच्या फोडीपर्यंत खाल्ली. मी डोळ्यांनी पाहून बारा टिका केल्या. उरलेले दिवसही तसंच.

परवा तिच्या विद्यार्थिनीचा फोन आला. बारापैकी बारा जणींत खूण सापडली.

"माह्यातही?" सुलभाने दोनदा विचारलं.

वही आता बंद झाली आहे. घरात फळ आलं की सुलभा ते सर्वांसमोर कापते, पहिली फोड स्वतः खाते, आणि मग लेकरांना हाक मारते.