फेसातलं अंडं

परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या गच्चीत, माझ्या मैत्रिणीचा साखरपुडा होता. बारमागे पन्नाशीची एक ख्रिश्चन बाई होती. जिन, जांभळाचा रस, लिंबू आणि अंड्याचा पांढरा भाग स्टीलच्या शेकरमध्ये घालून ती तो कानाशी धरून हलवायची. मग ग्लासात ओतून वरून स्पार्कलिंग वाईनची बारीक धार सोडायची. जांभळा फेस काठाच्या वर चढला की लोक फोटो काढायचे.

नवऱ्या मुलाच्या शुद्ध शाकाहारी काकांनी ग्लास उचलला. भजी कुठल्या तेलात तळली, हे त्यांनी मघाशी तिघांना विचारलं होतं. बाईने पटकन ग्लासावर तळवा ठेवला.

"अंकल, यात अंडं आहे हां."

"अंडं? दारूत?" काका ग्लास ठेवून मागे सरले.

ते गेल्यावर बारचा मॅनेजर तिच्या कानाशी आला. "अंड्याचं नाव काढायचं नाही, सांगितलं होतं ना? पुन्हा बोललीस तर उद्यापासून घरी बस."

"दारू तुमची आहे, सर. तोंड त्यांचं आहे."

बोलली खरी, पण पुढचं बूच काढताना वाईन टेबलावर सांडली. मॅनेजर तिथेच उभा राहिला. मला काउंटरपाशी सगळं ऐकू आलं होतं. माणसाला तो काय पितोय ते सांगितलं म्हणून नोकरी जावी, हा कुठला न्याय?

तेवढ्यात एक मुलगी काउंटरपाशी आली. बाईने मॅनेजरकडे न पाहता विचारलं, "अंडं चालतं ना गं तुला?"