कोरसमधले बाबा

मी इंग्लंडला शिकायला निघाले तो गौरीचा दिवस होता. संगमेश्वर स्टेशनवर बाबा माझी बॅग खांद्यावर घेऊन उभे होते. गळ्याला मफलर, तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी वाडीत जाखडी नाच होता आणि बाबा मंडळात कोरसला असत. शाहीर ओळ म्हणणार, मागच्या बाराजणांनी ती झेलायची. म्हणून सकाळपासून गळा राखलेला. आई चिडली, "पोरगी साता समुद्रापार चालली, नि ह्यांना गळ्याची पडलीय!" बाबा हसले. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "बाय, पोचलीस की फोन कर हां."

फोन मी दर रविवारी करायचे. बाबा उचलायचे, "बरी हायस ना? घे, आयेशी बोल," की फोन आईकडे. मलाही ते सोयीचं होतं, हे आज कबूल करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबांनी चिरेखाणीवर राबून मला शिकवलं. हे मी आईजवळ बोलले, शिक्षकांजवळ बोलले. त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी होळीनंतर बाबा गेले. मी कार्यापुरती पोचले.

परवा इथल्या माझ्या ऑफिसातल्या मार्थाने मला एका जगप्रसिद्ध पॉप बँडच्या म्युझियममध्ये नेलं. काचेमागे त्यांचे कोट, गिटारी, खाडाखोड केलेले कागद. एका खोलीत हेडफोन होते आणि समोर बटणं. एक दाबलं की बाकी सगळं थांबतं, एकाच माणसाचा आवाज उरतो. मी दाबलं. कानात एकजण एकटाच गाऊ लागला. ओळीआधी त्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. मला रडू आवरेना. मार्था पाठीवर हात ठेवून म्हणाली, "एवढी फॅन आहेस, कधी बोलली नाहीस!" मी नुसती मान हलवली.

खोलीवर येऊन मोबाईल धुंडाळला. बाबांचा आवाज असलेली एकच गोष्ट माझ्याजवळ आहे, चुलतभावाने पाठवलेला, मी निघाले त्याच संध्याकाळच्या नाचाचा व्हिडिओ. बाबा पाठमोरे दिसतात. आवाज मात्र बाराजणांचा मिळून एक. किती वेळा लावला. शेवटी आईला फोनवर ऐकवला आणि विचारलं, "ह्यात बाबांचा कुठला?"

आईने तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाली, "अगो, येगळा आवाज आला तर तो कोरस कसला? कुणाचा येगळा आलाच तर शाहीर वराडायचा. तुज्या बापसावर कधी वराडला नाय."

तुम्हीही घर सोडून लांब आला असाल आणि वडील आईकडे फोन देऊ लागले, तर म्हणा, थांबा, तुमच्याशीच बोलायचंय. त्यांना काहीही विचारा. पावसापाण्याचं विचारा.

यंदाच्या गौरीतलाही व्हिडिओ आलाय. कोरसला आता अकराजण आहेत. मी डोळे मिटून दोन्ही एकामागून एक लावले. शाहीर ओळ सोडतो, मागून ती तशीच भरून येते. इथे कुणी घर कुठे विचारलं तर मी संगमेश्वरच सांगते. पण त्या घरात बाबा नाहीत, आणि तरी त्या कोरसात काहीच कमी ऐकू येत नाही. ते मला सोसत नाही.