काटा लालमध्ये गेला तेव्हा

जुन्या यंत्रांतले काचेचे व्हॉल्व्ह तापले की त्यांच्यावरची धूळ जळल्याचा वास येतो, आणि त्या वासासरशी मला गोंदियातला राइस मिलमागचा माझा पहिला स्टुडिओ आठवतो. जुन्या धर्तीचा व्हॉल्व्हवाला कॉम्प्रेसर नुकताच घेतला होता. गाणाऱ्याचा आवाज चढला की तो आपोआप दाबायचा. आमगावहून एक विड्या वळणाऱ्या मावशी भीमगीतं रेकॉर्ड करायला आल्या. पहिल्याच सुराला मीटरचा काटा लालमध्ये गेला. आवाज फाटेल म्हणून मी घाबरलो. "मावशी, जरा हळू गा," असं तीनदा म्हटलं, तेव्हा त्यांनी हेडफोन काढून खाली ठेवला. "बाबू, हा डबा कायले आणला मंग? दाबाचं काम त्याचं आहे ना? त्याले करू दे. हळू गा म्हणणारे बहुत पाहिले मी." मग त्या पूर्ण गळ्याने गायल्या. काटा शेवटपर्यंत थरथरत राहिला, पण आवाज फाटला नाही. त्याला थोडी खरखर आली आणि तो खोलीभर झाला. आता नवी पोरं सांगतात, ती खरखर काढून टाका, सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकचं काम आहे. काढणार नाही. ज्याला खुपत असेल त्याने आपल्या घरचं आवाजाचं बटण फिरवावं.