चारकोपच्या लॅबमधली चूक

सुलभा मॅडमची चूक नव्हती. दार मी उघडं ठेवलं होतं.

आज सकाळी बोरिवलीला मॅडम वारल्या. मी इथे पोर्तुगालला, रास्पबेरीच्या फार्मवर. आणि लॅबच्या जुन्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक लिहितायत, "बाई हुशार, पण शेवटी वयामुळे चुकल्या."

नाही चुकल्या यार.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा छोटा गाळा होता. स्ट्रॉबेरीच्या रोपांत व्हायरस आहे का, ते तपासायची लॅब.

बाहेरच्या खोलीत नर्सऱ्यांकडून आलेली रोपं. आत एसी खोलीत आमची निरोगी रोपं. आलेल्या रोपाचं पान आमच्या रोपावर कलम करायचं. व्हायरस असेल तर काही आठवड्यांनी आमच्या रोपावर डाग दिसतात.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मॅडम, मी नववी नापास. मला काय कळणार?"

"नापास आहेस, आंधळा नाहीस ना? पान उलटं करून बघ."

नियम एकच. मधलं दार बंद. बाहेरच्या रोपांवरचा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आत शिरला, की व्हायरस घेऊनच शिरतो.

पण मला कुठे धीर! दोन्ही हातांत ट्रे, कोण सारखं दार उघडणार? वीट लावून ठेवायचो.

वाईच्या एका नर्सरीची पानं कलम केली होती, त्या रोपांवर डाग आले. मॅडमनी व्हायरस असल्याचा रिपोर्ट दिला. त्या नर्सरीवाल्या काकांनी नवी रोपं काढायला जपलेले सगळे मदर प्लांट उपटून जाळले.

मग ज्यांवर कलमच केलं नव्हतं, त्या रोपांवरही तसेच डाग. मॅडमच्या लगेच लक्षात आलं.

"नितीन, दार उघडं राहिलं होतं का रे?"

"नाय मॅडम."

परत विचारलं नाही त्यांनी.

माझ्यासमोरच काकांना फोन लावला. "तुमची रोपं निरोगी होती. चूक माझी आहे."

"आता सांगताय मॅडम? राख झाली ना त्यांची!"

मी चहाचा कप धरून उभा.

हळूहळू सॅम्पल यायची थांबली. गाळा सोडावा लागला.

मी परदेशी जायला निघालो, तेव्हा मॅडमनीच पत्र लिहून दिलं. "मुलगा काळजीपूर्वक काम करतो."

त्या पत्रावर मला ही नोकरी लागली.

हे सगळं आज ग्रुपवर टाकलंय. काकांनाही पाठवलंय. त्यांनी वाचलंय. शिव्या देतील तर ऐकून घेईन.

मॅडम, मी खोटं बोललो. तुम्ही होतात तेव्हा सांगायला हवं होतं.

माफी मागायची माझी लायकी नाही. शेवटचा नमस्कार तेवढा घ्या.