पोकलेनच्या आत कुणीतरी

शहरातल्या शनवारा भागात, एका इमारतीत, वरच्या थंडगार खोलीत बसून मी पोकलेन चालवायचे. मशीन मात्र पार शाहपूरच्या पुढे, मुरमाच्या टेकडीवर. माझ्यासमोर पडदे, हातात दोन दांडे, कानांवर हेडफोन. मी दांडा ओढला की तिकडे बकेट वाकायची आणि टेकडी अलगद ढासळायची, स्वप्नात ढासळावी तशी. ना अंगावर धूळ, ना हादरा.

दुपारी इंजिनच्या घरघरीत मला आणखी एक लय ऐकू यायची. संथ, वरखाली होणारी. वाटायचं, मशीनच श्वास घेतंय. त्या तालावर हात चालायचे आणि तंद्रीत दुपार कधी सरली ते कळायचं नाही.

एके दिवशी मशीन खोकलं.

मी दांडे सोडून दिले. बकेट अधांतरी थांबली. "कोण आहे आत?" मी माईकमध्ये ओरडले.

"मी आहे बेटा. चालू दे ना. आत्ताच डोळा लागला होता."

आवाज ओळखीचा होता. पूर्वी हेच पोकलेन आत बसून चालवणारे ऑपरेटर. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. दुरून चालवणं सुरू झालं आणि त्यांच्याकडे सकाळचं डिझेल आणि ग्रीस तेवढं उरलं. चालू मशीनच्या कॅबिनमध्ये कुणी बसायचं नाही, असा नियम होता. पण कॅमेरे सगळे बाहेर बघणारे. सीटवर कोण झोपलंय, मला कसं दिसणार?

"मामा, मशीन पलटी झालं असतं तर?"

"दिवसभर अंग हादरलं नाही, तर घरी झोपच येत नाही बेटा. इथं येते. आन् तुझा हातही हलका आहे."

मी तक्रार केली नाही. पण ते उतरून लांब उभे राहिलेले दिसेपर्यंत दांड्याला हातही लावला नाही.

रविवारी बसने शाहपूरला गेले. तिथून मामांनी मोटरसायकलवर टेकडीवर नेलं. पडद्यावर हातभर दिसणारी टेकडीची कापलेली भिंत इथे आभाळाला टेकली होती. ही मी कापली, हे खरं वाटेना. मामांनी मला सीटवर बसवलं आणि किल्ली फिरवली. हादरा तळपायांतून दातांपर्यंत चढला. मी दार घट्ट धरलं.

"रोज चालवते, आन् घाबरते?" मामा हसले.

त्यांनी इंजिन चालूच ठेवलं. हळूहळू अंग सैल पडलं. खाली केळीच्या बागा हिरव्या धुक्यासारख्या हलत होत्या, आणि माझेही डोळे जड झाले.

पुढे मामांनी ते काम सोडलं. रावेरकडे कुणाच्या तरी जुन्या मशीनवर नाले खोल करायला लागले. आमच्या खोलीत एक जागा निघाली तेव्हा मी फोन केला. "इथे शिकवतील, मामा. गार हवेत बसून काम."

"नको बेटा. पाठ दुखते, पण झोप लागते."

मी जास्त आग्रह केला नाही.