धाकटीची बटणं

खरं सांगते, धाकट्या जावेवर माझा नुसता जळफळाट होतो. शाळेत तिला मीच चिकटवली. त्याआधी ती घरी शिवणकाम करायची, दिवसभर मशीनची खडखड आणि तोंडात टाचण्या. पोरं मोठी झाल्यावर शिक्षिकेचा कोर्स केला, तोही माझ्याच वह्या नेऊन. आणि आता बाईसाहेब मलाच शिकवणार!

पहिलीच्या दोन तुकड्या, एक माझी, एक तिची. बावीस वर्षं मी पहिलीच शिकवतेय. माझी मुलं एका सुरात शंभरपर्यंत आकडे म्हणतात, ऐकत राहावं. तिच्या वर्गात मात्र बाजार भरलेला. शिवणातल्या उरलेल्या बटणांचा डबा मधे उपडा आणि पोरं जमिनीवर. एकदा मी दारात उभी राहून बघितलं. तिनं सात बटणं ओळीत मांडली, मग तीच लांब लांब पसरली. एक पोरगी म्हणाली, "आता जास्त झाली." मी असते तर म्हटलं असतं, डोकं कुठं ठेवलंस? ही म्हणते, "हो का? मोज बरं." पोरीनं तीनदा मोजली. सातच! मग पोरगी अशी हसली की माझ्या पोटात दुखलं.

घरी भाजी निवडताना धाकटी म्हणाली, "ताई, या वयात डोळ्यांना दिसतं तेच मुलांना खरं वाटतं. सांगून पटत नाही, हातानं करून कळतं. आणि रागावू नका, पण तुमची मुलं फळ्याकडे नाही, तुमच्या भुवयांकडे बघून उत्तर देतात."

"बटणं संपली वाटतं! आता माझ्या भुवया मोज," मी फटकारलं.

पुढच्या वर्षी मुलं कमी, म्हणून तुकडी एकच राहणार होती. ती कोणाची, हे मोठे सर दोन्ही वर्ग बघून ठरवणार होते. जिला ती मिळणार नाही, तिनं पाचवी शिकवायला जायचं. मला तर सहा वर्षांच्या पोरांशिवाय काही येत नाही. सर येणार त्या सकाळी मी तिच्या वर्गातल्या कपाटातला डबा उचलून माझ्या पिशवीत टाकला. हो, मीच. लाज वाटली, तरी टाकला.

तिनं कपाट उघडलं, जरा थांबली आणि म्हणाली, "चला रे, चपला आणा." सगळा तास चपलांवर! सरसुद्धा खाली मांडी घालून बसले.

माझ्या वर्गात सरांनी मला मागच्या भिंतीशी उभं केलं. फळ्यावर सहा ठिपके जवळ जवळ काढले, खाली सहा लांब लांब. "कुठं जास्त?"

मग एकेक मान वळली. सगळीच्या सगळी पोरं फळ्याकडे पाठ करून माझं तोंड बघत होती. भुवई हलू नये म्हणून मी डोळे मिटून घेतले.

पहिली तिलाच मिळाली. संध्याकाळी मी डबा तिच्यापुढे आपटला. "मीच नेला होता."

"माहीत होतं, ताई. सकाळी जिन्यात तुमची पिशवी वाजत होती."

"मग सरांना सांगितलं का नाहीस?"

ती भाजी निवडत राहिली. चिडली नाही, हसली नाही. आणि मी आपली तिच्या भुवयांकडे बघत उभी.