पाणी देऊ?

रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये दर सोमवारी तो मला दिसायचा. पन्नाशीचा, चौकड्याची लुंगी, हातात ॲल्युमिनियमचा तांब्या. बसायला जागा असली तरी उभाच. कुणाचा डोळा लागला, की हा त्याचा खांदा हलवून विचारायचा, "पाणी देऊ?" उत्तर मिळेपर्यंत हटायचा नाही. लोक करवादायचे. मीही.

एकदा माझा डोळा लागला. "मास्तर, पाणी देऊ?" मी चिडून मुद्दामच डोळे मिटून राहिलो. त्याने पुन्हा हाक मारली, मग मी किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं, तर त्याने माझ्या नाकापुढे बोटं धरली होती.

"अहो, झोपू द्याल की नाही माणसाला?" मी खेकसलो.

तो मटकन माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "फाळणीनंतर माझी बहीण तिकडंच राहिली. अम्मा तिच्यासाठी झुरत व्हती, म्हणून घेऊन गेलो. तिकडची आगगाडी, थर्ड क्लासचा डबा, पाय ठेवायला जागा न्हाय. अम्मानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. म्हटलं, झोपली, बरं झालं. खांदा बधिर झाला, पण तिची झोप मोडंल म्हणून मी हललो न्हाय. बाजूच्यांनाबी बोलू दिलं न्हाय. कराची आली तेव्हा पाणी द्यायला हाक मारली."

त्याने तांब्या पुढे केला. तहान नव्हती, तरी मी प्यालो.

समोरच्या बाकावर एक म्हातारी पेंगत होती. तो उठायच्या आत मीच जाऊन तिचा खांदा हलवला.